पाव, निम्मे, पाऊण : जुन्या वहीतल्या रेघा कशा पाहाव्यात

बडोद्यात दांडिया बाजारातल्या घराचा माळा आवरताना पणजोबांची कीर्दवही, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, हाती लागली. मोडी लिपी मला वाचता येत नाही, म्हणूनच बहुधा आधी रेघा दिसल्या. रकमेपुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे निम्मे, तीन म्हणजे पाऊण. ३॥। म्हणजे तीन रुपये बारा आणे. चौथी रेघ नाहीच. चार पाव झाले की रुपया पुरा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि हळूहळू या रेघांचं काम संपलं.

तुमच्या घरी अशी वही असेल तर जाड कागदाला नखाएवढी खिडकी कापा. आकडा झाकून फक्त रेघा दिसतील अशी ती पानावर ठेवा. आता रक्कम विसरून दोन रेघांमधली फट बघा. पुसट रेघ म्हणजे चार आण्यांचा घोळ, त्यामुळे लिहिणाऱ्याला प्रत्येक रेघ सुटी, ठसठशीत ठेवावीच लागे. तिचा डौल आला तो या धाकातून. एखादी रेघ कलली असेल तर लगेच ‘पणजोबा त्या दिवशी उदास होते’ असं काढू नका. बोरू, म्हणजे टोक कापून केलेली लेखणी, बोथट झाला असेल.

मग स्वतः ओढा. बोरूचं टोक तिरकं कापा, शाई फार पातळ नको. आधी पानभर आडवी रेघ. मोडी लिहिणारे तशीच ओढत आणि अक्षरं तिला लटकवत. तिच्याखाली ॥। बारा वेळा काढा, मध्ये बोरू न बुडवता. प्रत्येक रेघेला मनात ‘पाव, निम्मे, पाऊण’ म्हणा. हे सोडलंत की नुसता कठडा उमटतो, मी दोन पानं अशीच घालवली. शेवटच्या रेघा कोरड्या, फाटक्या येतील. त्या गिरवायच्या नाहीत. वेलबुट्टीही नको.

बडोद्याच्याच फाइन आर्ट्‌समध्ये १९७२ पासून अनेक वर्षं शिकवलेल्या चित्रकार नसरीन मोहमदी (मृत्यू १९९०) यांची शाई-पेन्सिलीची रेखाचित्रं यानंतर बघा, आधी नको. रेघ आणि अंतर, एवढ्यावरच त्या चित्र उभं करत. ती पाहून परत वहीकडे आलात तर दोन रकमांमधली कोरी जागासुद्धा नजरेत भरते.

वही मात्र उन्हात उघडी ठेवू नका, शाई उडू शकते.