मुळा पेरण्याआधी हाताशी काय असावे

नवख्या बागकाम करणाऱ्याला पहिले पीक म्हणून मुळाच सुचवला जातो, कारण लहान गोल जातींचे मुळे पेरणीपासून 25 ते 30 दिवसांत काढणीला येतात. मात्र याच घाईमुळे चूक सुधारायला सवड उरत नाही. टोमॅटोच्या रोपाला मधल्या काळात खत किंवा आधार देऊन सावरता येते; मुळ्यात काय बिघडले ते बहुधा तो उपटल्यावरच कळते. म्हणून पुढील कामे बियाण्याचे पाकीट फोडण्याआधी उरकलेली असावीत.

पहिले काम दिनदर्शिका पाहण्याचे. मुळा थंड हवेचे पीक असून 15 ते 20 अंश सेल्सिअस तापमानात तो उत्तम पोसतो; पारा बरेच दिवस 25 अंशांच्या वर राहिला, तर मुळा तिखट आणि दोरकट होतो व झाड लवकर फुलोऱ्यावर येते. आपल्याकडील थंड महिने कोणते ते ठरवून त्यावरूनच जात निवडावी. लांब पांढऱ्या जातींना साधारण 45 ते 60 दिवस लागतात आणि जमीनही खोलवर मोकळी लागते, त्यामुळे पहिल्या खेपेला लहान गोल जात घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

सर्वांत जास्त वेळ राखून ठेवावा तो मातीसाठी. बी रुजताच त्याचे मूळ सरळ खाली धावते, आणि वाटेत खडा, ढेकूळ किंवा कडक थर आला की ते फाटे फोडते किंवा वाकडे होते. पुढे मुळा कितीही पोसला तरी तो फाटा तसाच राहतो. गोल जातीसाठी किमान 15 ते 20 सेंटिमीटर आणि लांब जातीसाठी 30 सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक खोल माती खणून, खडे आणि जुन्या मुळ्या वेचून, ढेकळे हाताने फोडून ती भुसभुशीत करावी. ओलसर माती मुठीत दाबून बोटाने टोचावी: गोळा सहज विस्कटला तर माती पेरणीजोगी आहे, आणि घट्ट राहिला तर चांगले कुजलेले कंपोस्ट मिसळून वाफा थोडा उंच करावा, म्हणजे पाण्याचा निचरा होईल. कंपोस्ट किंवा शेणखत पूर्ण कुजलेले, काळसर आणि मातीसारखा वास येणारे असावे व पेरणीच्या एक-दोन आठवडे आधीच मिसळून ठेवावे. ताजे शेण घालण्याचा मोह आवरावा, आणि नत्रयुक्त खताची तर वेगळी गरजच नसते, कारण नत्र जास्त झाले की वर पाला माजतो आणि खाली बोटाएवढेच मूळ सापडते. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) 6 ते 7 च्या दरम्यान असल्यास पुरे. ज्या वाफ्यात नुकतीच कोबी, फुलकोबी किंवा मोहरी होती तो टाळावा. ही सगळी मुळ्याच्याच कुळातली असल्याने त्यांचे रोग आणि किडी मातीत वाट पाहत असतात.

जागेला दिवसाकाठी किमान 6 तास ऊन मिळावे. कुंडीत पेरायचे असेल तर खोलीचे वरचेच माप धरावे आणि तळाच्या छिद्रांतून पाणी खरोखर वाहते का, ते एकदा ओतून पाहावे.

मुळ्याचे रोप तयार करून दुसरीकडे लावण्याचा बेत करू नये, कारण उपटताना मुख्य मूळ दुखावते. बी जागेवरच पेरायचे असते. बियाणे जुने असल्यास 10 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवाव्यात: 8 रुजल्या तर निर्धास्त पेरावे, निम्म्याच रुजल्या तर बी दाट टाकावे. सगळे बी एकाच दिवशी पेरू नये. तयार मुळा जमिनीत फार दिवस थांबत नाही, आतून भेंडासारखा पोकळ होतो. म्हणून दर 8 ते 10 दिवसांनी एकेक ओळ टाकता येईल असे बियाण्याचे वाटे करून ठेवावेत.

अवजारे थोडीच लागतात: खुरपे, बारीक छिद्रांची झारी, ओळ आखायला सुतळी आणि 1 सेंटिमीटरवर खूण केलेली काडी, कारण बी तेवढेच खोल जायला हवे. बारीक जाळी मात्र पेरणीच्या दिवशीच अंथरावी. पिसवांसारखे उड्या मारणारे काळे भुंगेरे कोवळ्या पानांची चाळण करतात, आणि ते दिसल्यावर जाळी शोधत बसणे म्हणजे उशीर झालेलाच असतो.

पाणी कोण घालणार, हेही आधीच ठरवावे. चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी भरपूर पाणी दिले की मुळे तडकतात. माती सतत सारखी ओलसर राहिली पाहिजे, आणि गावाला जाण्याचा बेत असेल तर पेरणीच पुढे ढकलावी.

विरळणीसाठी लहान कात्री काढून ठेवावी आणि मनाचीही तयारी करावी. उगवलेले रोप काढून टाकणे नवख्याच्या जिवावर येते, हे मी जाणतो. तरीही गोल जातीत दोन रोपांमध्ये 5 सेंटिमीटर आणि लांब जातीत 10 सेंटिमीटर अंतर राहिले नाही, तर कुणालाच पोसायला जागा मिळत नाही. ज्यादा रोपे उपटण्याऐवजी जमिनीलगत कापावीत, म्हणजे शेजारचे मूळ हलत नाही. कापलेला कोवळा पाला खाण्यात जातोच.

प्रत्येक ओळीच्या टोकाला जातीचे नाव आणि पेरणीची तारीख लिहिलेली पट्टी रोवण्यासाठी तयार ठेवावी. गोल जातीत 22व्या दिवसापासून मानेजवळची माती बोटाने सारून जाडी पाहावी आणि 2 ते 3 सेंटिमीटर भरताच काढणी सुरू करावी. वाफ्याच्या कडेला एक-दोन झाडांपुरती जागा मोकळी सोडावी: एखादा मुळा काढायचा राहून फुलोऱ्यावर आला, तर त्याचे झाड बरेच उंच वाढते, आणि त्याला लागणाऱ्या कोवळ्या डिंगऱ्या, म्हणजे शेंगा, भाजीला येतात.