त्वचेखालचा लूप रेकॉर्डर शोधताना आणि काढताना: कार्डिओलॉजीतील नव्या रेजिडेंटसाठी

कॅथ लॅबच्या दिवसाच्या यादीत शेवटच्या ओळीवर ‘लूप रेकॉर्डर काढणे’ असे लिहिलेले असते, आणि अँजिओप्लास्टी व पेसमेकरची कामे उरकली की वरिष्ठ ते युनिटमधल्या सर्वांत नव्या रेजिडेंटकडे सोपवतात. लूप रेकॉर्डर म्हणजे त्वचेखाली राहून हृदयाची लय सतत नोंदवणारे लहान यंत्र. ते काढणे म्हणजे दहा मिनिटांचे काम, असे प्रत्येकाने ऐकलेले असते आणि बहुतेक वेळा ते दहा मिनिटांतच होते. मात्र जेव्हा होत नाही, तेव्हा रुग्ण पूर्ण जागा असतो, छातीवर चीर दिलेली असते आणि आपल्या बोटांना यंत्र लागत नसते. ती वेळ कोणत्याही नव्या डॉक्टरवर येऊ नये, म्हणून डीएमच्या (कार्डिओलॉजीतील अतिविशेष पदवीच्या) वर्षांत आणि त्यानंतर मी जे शिकले ते येथे लिहीत आहे. यंत्र बसवायचे कसे, हे कंपनीची माणसेसुद्धा आनंदाने दाखवतात. काढायचे कसे, हे मात्र फारसे कोणी शिकवत नाही.

वारंवार भोवळ येऊन पडणारा, पण ईसीजी, इको आणि होल्टर (अंगावर बाळगायचे ईसीजी यंत्र) हे सारे नॉर्मल असणारा रुग्ण तुम्ही ओपीडीत पाहिलाच असेल. त्याची भोवळ महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येते आणि होल्टर एक-दोन दिवसच लावलेले असते, त्यामुळे नेमक्या क्षणी हृदयाची लय काय होती हे कळत नाही. ही अडचण सोडवण्यासाठी कॅनडातील लंडन, ऑन्टारियो येथे जॉर्ज क्लाइन, अँड्र्यू क्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात त्वचेखाली ठेवायच्या रेकॉर्डरवर काम केले. पुढे कारण न सापडलेल्या पक्षाघातातही त्याचा उपयोग सिद्ध झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्टल एएफ’ या अभ्यासातील ४४१ रुग्णांपैकी ज्यांना यंत्र बसवले होते, त्यांच्यातील ८.९ टक्के रुग्णांत सहा महिन्यांत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित लय) सापडले. नेहमीच्या तपासण्यांच्या गटात हेच प्रमाण १.४ टक्के होते. तेव्हापासून ही यंत्रे अधिक बसू लागली, आणि बसलेले प्रत्येक यंत्र कधीतरी निकामी होणार असते.

शोधण्याचा प्रश्न कठीण झाला तो यंत्र लहान झाल्यामुळे. जुने ‘रिव्हील एक्सटी’ ६२ मिलिमीटर लांब, १९ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड होते. ते शस्त्रक्रियेने त्वचेखाली केलेल्या पॉकेटमध्ये (कप्प्यात) ठेवले जाई आणि काढायच्या वेळी डोळे मिटूनही बोटाला लागत असे. २०१४ मध्ये आलेले ‘रिव्हील लिंक’ साधारण ४५ मिलिमीटर लांब, ७ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड आहे. त्याचे वजन अडीच ग्रॅम भरते. एका सेंटिमीटरपेक्षा लहान चिरेतून ते ढकलण्याच्या खास उपकरणाने त्वचेखाली सरकवतात, सहसा डाव्या बाजूला चौथ्या व पाचव्या बरगडीमधल्या अंतरालाशी, उरोस्थीच्या कडेपासून सुमारे दोन सेंटिमीटरवर आणि ४५ अंशांत तिरपे. बहुतेक वेळा त्याला टाका घालून अडकवलेले नसते. रुग्णासाठी ही मोठी सोय आहे, पण तीन-चार वर्षांनी जेव्हा आपण ते शोधायला बसतो, तेव्हा त्याच्याभोवती चरबी वाढलेली असते, रुग्णाचे वजन बदललेले असते आणि यंत्राने स्वतःची जागा थोडी बदललेली असण्याचीही शक्यता असते.

माझ्या हातून झालेली पहिली चूक अजून स्पष्ट आठवते. रुग्ण निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. यंत्र त्वचेखाली सहज दिसत होते, इतके की खूण करायची गरज मला वाटली नाही. बेटाडीन लावले, निर्जंतुक ड्रेप टाकले आणि जुन्या व्रणाच्या आसपास एक टक्का लिग्नोकेनचे (जागा बधिर करणाऱ्या औषधाचे) १० मिली थेट टोचले. दोन मिनिटांनी बोट ठेवले तर तिथे केवळ मऊ, पाण्याने फुगलेली सूज होती. काही क्षणांपूर्वी स्पष्ट लागणारी कडा तिच्याखाली गडप झाली होती. मी व्रणावरच चीर दिली, चरबी बाजूला केली आणि ४० मिनिटे मॉस्किटो फोर्सेप्सने (बारीक टोकाच्या चिमट्याने) चाचपत राहिले. गुरुजी अधूनमधून म्हणत होते, “सावकाश शोधा डॉक्टर, मला काही घाई नाही.” शेवटी वरिष्ठांनी येऊन फ्लुरो (पडद्यावर थेट दिसणारा एक्स-रे) घेतला, तेव्हा यंत्राचे जवळचे टोक माझ्या चिरेपासून दोन सेंटिमीटर दूर निघाले. गुरुजींना आणखी लोकल (बधिर करणारे इंजेक्शन) द्यावे लागले आणि चीर वाढवावी लागली. ती वाढलेली चीर माझ्या घाईची होती, यंत्राची नव्हे.

त्या दिवसापासून मी एक क्रम पाळते आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांकडूनही तो पाळून घेते. रुग्णाला आधी टेबलावर उताणे झोपवायचे, हात जसा शस्त्रक्रियेच्या वेळी राहणार आहे तसाच ठेवायचा, आणि मगच यंत्र शोधायचे. कारण बसलेल्या रुग्णाच्या छातीवर केलेली खूण तो आडवा होताच सरकते, आणि स्त्रियांमध्ये तर स्तनाबरोबर त्वचा बरीच हलते. यानंतर रुग्णालाच विचारायचे, “यंत्र कुठे लागतं, तुमच्या बोटाने दाखवा.” हा प्रश्न फार थोडे डॉक्टर विचारतात. रुग्ण रोज अंघोळीच्या वेळी ते चाचपत असतो, त्यामुळे ते कुठे आहे, कधीपासून खाली सरकले आणि कोणत्या कुशीवर झोपल्यावर टोचते, हे त्याच्या बोटांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. त्यानंतर आपल्या दोन्ही तर्जनींनी यंत्राची दोन्ही टोके शोधायची, सर्जिकल मार्करने टोकांवर आडव्या रेघा आणि मध्ये लांबीची रेघ ओढायची, आणि जुना व्रण वेगळ्या खुणेने दाखवायचा. व्रण आणि यंत्र एकाच जागी असतात असे गृहीत धरू नका. बसवतानाच यंत्र व्रणापासून आत ढकललेले असते. या सर्व खुणा झाल्यावरच लोकल द्यायचे, तेही थोडे आणि सावकाश.

बोटांना यंत्र लागलेच नाही, तर चीर देण्याचा विचारही मनात आणू नये. एक आजी आठवतात. यंत्र बसवले तेव्हापासून त्यांचे वजन बरेच वाढले होते. त्या म्हणाल्या, “अगं पोरी, मेलं ते हाताला लागतच नाही बघ, वर्ष झालं.” व्रण नेहमीच्या जागी होता, पण त्याच्या आसपास काहीही लागत नव्हते. मी प्रोग्रॅमरचा (यंत्रातली नोंद बाहेरून वाचणाऱ्या उपकरणाचा) वँड, म्हणजे हातात धरायचा भाग, छातीवर फिरवला, तेव्हा सिग्नल व्रणाजवळ क्षीण आणि बाहेरच्या बाजूला खाली चांगला मिळाला. बसवतानाच्या नोंदीत आर-वेव्हची (ईसीजीतल्या प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकाची) उंची होती, तिच्याशी आताची तुलना केली तर ती बरीच कमी झाली होती. हाही यंत्र सरकल्याचा एक इशारा असतो. मग लिनिअर प्रोब (त्वचेजवळचे भाग दाखवणारा सपाट प्रोब) घेऊन सोनोग्राफी केली. चरबीच्या करड्या पोतात एकाएकी एक लखलखीत सरळ रेघ उमटली आणि तिच्याखाली समांतर रेघांची शिडी. धातूची ही ओळख एकदा पाहिली की विसरत नाही. प्रोब आडवा-उभा फिरवून दोन्ही टोकांच्या जागा त्वचेवर नोंदल्या आणि त्वचेपासूनची खोली पडद्यावर मोजली: स्तनाच्या खालच्या घडीजवळ, दोन सेंटिमीटर आत. ती खोली हाती असल्यामुळे कोणत्या पातळीपर्यंत निर्धास्त जायचे आणि कुठे थांबायचे हे मला आधीच माहीत होते, आणि आजींचे यंत्र पहिल्या चिरेत निघाले.

सोनोग्राफी हाताशी नसेल तर फ्लुरो आहेच, पण त्याचा एक धोका ध्यानात असू द्या. सी-आर्म (फ्लुरोचे फिरते यंत्र) थोडासाही तिरपा असेल, तर त्वचेवर ठेवलेले फोर्सेप्सचे टोक आणि त्याखालचे यंत्र पडद्यावर एकमेकांवर दिसतात, प्रत्यक्षात मात्र त्यांच्यात अंतर असते. यंत्र जितके खोल, तितके हे अंतर अधिक. म्हणून ट्यूब नेमकी सरळ ठेवून खूण करावी, शटर आवळून, म्हणजे किरणांचे क्षेत्र लहान करून, काही सेकंदच स्क्रीन करावे, आणि खोलीचा अंदाज दुसऱ्या कोनातून घ्यावा. समोरून घेतलेली एकच प्रतिमा यंत्र बरगड्यांच्या बाहेर आहे की आत, हे सांगू शकत नाही. यंत्र छातीच्या पोकळीत, फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत गेल्याचे प्रसंग वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. ते दुर्मीळ आहेत, पण ज्याच्या टेबलावर असा रुग्ण येतो त्याला दुर्मीळ या शब्दाचा काही आधार नसतो. यंत्र बोटाला लागत नसेल तर पीए (सरळ) आणि लॅटरल (बाजूने) असे दोन्ही एक्स-रे आधी पाहावेत. लॅटरलमध्ये ते बरगड्यांच्या आत दिसले, तर हे काम आपले राहत नाही. सीटी करून छातीच्या सर्जनना बोलवायचे आणि रुग्णाला तसे स्पष्ट सांगायचे. याच कारणासाठी अंतरालावर सुई किंवा ब्लेड कधीही उभे घालू नये.

काढण्याचे काम जागा पक्की झाल्यावर खरोखर सोपे असते. यंत्राच्या जवळच्या टोकावर सुमारे एक सेंटिमीटरची चीर द्यावी आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने यंत्र त्वचेतून चिमटीत धरून चिरेकडे उचलून ठेवावे. ही पकड मध्येच सोडू नये. मॉस्किटोने चरबी दूर केली की पांढरट, चकचकीत पडदा दिसतो. शरीराने यंत्राभोवती विणलेले हे तंतुमय कॅप्सूल असते. नवा डॉक्टर नेमका येथे फसतो. यंत्र दिसते आहे असे वाटून तो ते फोर्सेप्सने ओढू लागतो, आणि कॅप्सूल न उघडल्यामुळे ते चिंचोक्यासारखे निसटत राहते. ब्लेडचे टोक यंत्राच्या लांबीच्या दिशेने कॅप्सूलवर टेकवून, धातूला लागल्याचा कडक स्पर्श हाताला जाणवेपर्यंत कापावे. हा स्पर्श मऊ चरबीपेक्षा इतका वेगळा आहे की शंका राहत नाही. पडदा उघडला की दूरच्या टोकाकडून अंगठ्याने दाबावे, यंत्र आपणहून बाहेर सरकते. बाहेर आल्यावर ते पूर्ण आहे ना, दोन्ही टोके शाबूत आहेत ना, हे दिव्याखाली धरून पाहावे. टाके एक-दोनच लागतात.

तयारीपैकी एक गोष्ट मात्र काढण्याच्या आधीच व्हायला हवी: यंत्रातली सर्व नोंद प्रोग्रॅमरवर वाचून जतन करणे. एका रुग्णाची शेवटच्या आठवड्यातली भोवळ अशीच वाचायची राहून गेली होती आणि तिच्यात हृदयाच्या ठोक्यांत सहा सेकंदांचा विराम निघाला. यंत्र काढायला आलेला तो रुग्ण पेसमेकर घेऊन घरी गेला. दोन्ही कामे एकाच वेळी असतील तर मी पेसमेकर आधी बसवते, त्याची जखम बंद करते आणि मगच लूप रेकॉर्डरला हात लावते, म्हणजे जुन्या पॉकेटशी नव्या यंत्राचा संबंध येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या या छोट्या चिरेसाठी सहसा थांबवाव्या लागत नाहीत, पण त्याचा निर्णय त्या रुग्णापुरता वरिष्ठांशी बोलून घ्यावा.

काढलेले यंत्र कुठे जाते, हेही डॉक्टरनेच पाहायचे असते. त्यात लिथियमची बॅटरी असते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतला कचरा भट्टीत जातो, म्हणून यंत्र तिच्यात पडता कामा नये. निर्जंतुक करून, नोंद करून ते कंपनीच्या प्रतिनिधीकडे द्यावे आणि यंत्राची नोंद रुग्णालयाकडे पाठवणाऱ्या घरच्या मॉनिटरची दूरस्थ नोंदणीही त्याच दिवशी बंद करावी, नाहीतर नसलेल्या यंत्राची चौकशी करणारे फोन रुग्णाच्या घरी येत राहतात.

बॅटरी संपलेले यंत्र काढलेच पाहिजे असा नियम नाही. त्रास नसेल आणि रुग्णाला पुन्हा चीर नको असेल, तर ते तसेच राहू शकते, आणि हा निर्णय मी मोकळ्या मनाने रुग्णावर सोडते. पण मग घरच्यांशी एक अवघड बोलणे करावेच लागते. आपल्याकडे बहुतेक घरांत दहनसंस्कार होतो, आणि बॅटरी असलेले यंत्र आगीत फुटू शकते. पेसमेकरच्या बाबतीत १९७६ मध्ये इंग्लंडमधील सॉलिहल येथील दाहिनीत असा स्फोट झाल्याची नोंद आहे. जिवंत माणसासमोर त्याच्या दहनाचा विषय काढायला माझी जीभ आजही जड होते. तरीही मी मुलाला किंवा सुनेला बाजूला न घेता, रुग्णासमोरच सांगते, कारण शरीर त्याचे आहे. डिस्चार्ज कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिते: ‘छातीच्या डाव्या बाजूला त्वचेखाली बॅटरी असलेले लहान यंत्र आहे. अंत्यसंस्कारापूर्वी डॉक्टरांना सांगून ते काढून घ्यावे.’ आणि कार्ड हातात देण्यापूर्वी घरातल्या एकाकडून ते मोठ्याने वाचून घेते.