न्यूरॉनला कोणता आकार आवडतो, हे कसं ठरवायचं

पुण्यात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी माकडाच्या मेंदूत इलेक्ट्रोड घालायची सोय बहुतेकांना नसते, आणि तशी गरजही नसते. माकडाला वेगवेगळे आकार दाखवताना मॅकाक माकडांच्या व्ही४ आणि आयटी कॉर्टेक्समधल्या (मेंदूतले आकार ओळखायला मदत करणारे दोन भाग) न्यूरॉनच्या काही नोंदी खुल्या मिळतात. पाषाणच्या होस्टेलात बसून साध्या लॅपटॉपवर काम भागतं. घोडं अडतं ते विश्लेषणात.

आधी शून्य वेळ, म्हणजे माकडाला चित्र दिसलं तो क्षण, पक्की करा. कॉम्प्युटरने चित्राची आज्ञा दिली ती वेळ वेगळी, पडद्यावर चित्र उमटलं ती वेगळी. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम म्हणजे जवळपास १७ मिलिसेकंद. फाइलमध्ये फोटोडायोडचा (पडद्यावरचा उजेड टिपणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल असेल तर तोच धरा. मग १० मिलिसेकंदांचे बिन (वेळेचे तुकडे) पाडा, प्रत्येकातले स्पाइक (न्यूरॉनचे विद्युत ठोके) मोजा आणि सगळ्या ट्रायलची, म्हणजे चित्र दाखवण्याच्या सगळ्या खेपांची, सरासरी काढा. आयटीतला प्रतिसाद साधारण १०० मिलिसेकंदांच्या आसपास उठतो, व्ही४ मधला त्याआधी. आयटीचा आलेख ३० लाच उठला तर हुरळून जाऊ नका, शून्य चुकलंय.

आयटीसाठी मोजणी ८० ते २८० मिलिसेकंदांत करा. तेवढ्यात १४ स्पाइक म्हणजे सेकंदाला ७०. चित्राआधीचा दर बेसलाइन म्हणून वेगळा ठेवा. प्रत्येक आकाराला निदान १० ट्रायल हव्यात, कारण हे न्यूरॉन लहरी असतात: सरासरी ९ स्पाइक असतील तर प्रत्येक ट्रायलला ३ इकडे-तिकडे होणारच. १० ट्रायलनंतरही सरासरीत १ ची ढिलाई उरते. मग ९ आणि १० मधला फरक कशाला मिरवायचा?

खरी फसगत पुढे आहे. सगळ्या ट्रायल वापरून 'आवडता' आकार निवडला आणि त्याच ट्रायलचा आलेख काढला, की निव्वळ गोंगाटातूनही झकास शिखर निघतं. विषम ट्रायलवर आकारांचा क्रम लावा, आलेख सम ट्रायलचा काढा.

व्ही४ साठी 'गोल', 'चांदणी' अशी लेबलं फारशी कामाची नाहीत. अनिता पासुपती आणि चार्ल्स कॉनर यांनी २००१ मध्ये दाखवलं की तिथले अनेक न्यूरॉन कडेच्या एखाद्याच तुकड्याला दाद देतात, उदाहरणार्थ वर उजवीकडचं टोक. म्हणून प्रत्येक आकाराची कड तुकड्यांत मोडा आणि दर तुकड्याची वक्रता व वस्तूच्या मध्यापासूनचा कोन अशा दोन रकान्यांत भरा.

शेवटी आकारमान. चित्र दुप्पट केल्यावर दर घसरला, एवढ्यावरून पसंती बदलली असं लिहू नका. आकारांचा क्रम तोच असेल तर पसंती टिकली. क्रमही विस्कटला तर आधी चित्र रिसेप्टिव फील्डच्या (नजरेतल्या ज्या तुकड्याला तो न्यूरॉन प्रतिसाद देतो त्याच्या) बाहेर सांडत नाही ना, ते तपासा.