जुन्या रुपयात चांदी किती, घरीच काढा
आजीच्या पेटीतले रुपये घेऊन थेट इतवारीच्या सराफ्यात पळू नका बाप्पा, आधी साल बघा. 1939 पर्यंतच्या इंग्रजांच्या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम अन् चांदी 91.7 टक्के, म्हणजे 10.69 ग्रॅम शुद्ध चांदी, त्याला आजच्या ग्रॅमच्या भावानं गुणलं की झालं. 1940 ते 45 वाल्यात वजनाच्या निम्मीच चांदी, 5.83 ग्रॅम. 1947 चा निकेलचा, चुंबकाला चिकटतो. नाणं घासलेलं असलं तर वजन काट्यावरच करा, सराफ घट कापतो तेही धरा. पण 1911 चा, ज्यातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला अन् सरकारनं परत मागवला, तो चुकूनही वितळवू नका, संग्राहक चांदीपेक्षा जास्त देतात.