गेमिंगसाठी प्रोसेसरची तुलना: कोणते आकडे पाहावेत आणि कोणते सोडून द्यावेत

दोन प्रोसेसर शेजारी मांडण्याआधी आपल्या संगणकाला प्रोसेसर अडवतो आहे की ग्राफिक्स कार्ड, हे तपासून घ्यावे, कारण कार्ड अडवत असेल तर पुढची सारी तुलना व्यर्थ आहे. आपण नेहमी खेळतो त्या गेममधील गर्दीचे एखादे दृश्य निवडावे, व्ही-सिंक (फ्रेमचा दर पडद्याच्या दराशी जुळवणारी सोय), अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून दाखवणे) आणि फ्रेमची कमाल मर्यादा बंद करावी आणि दर सेकंदाला किती फ्रेम मिळतात ते नोंदवावे. नंतर बाकी काहीही न बदलता केवळ रिझोल्यूशन ७२०पीपर्यंत उतरवून तेच दृश्य पुन्हा पाहावे. आकडा एकदम वर गेला तर अडथळा कार्डाचा होता, आणि तो जागचा फारसा हलला नाही तर प्रोसेसरचा. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ३५ टक्के दिसतो म्हणून तो निवांत आहे असे समजू नये. सोळा थ्रेडच्या, म्हणजे एकाच वेळी कामाचे सोळा प्रवाह चालवणाऱ्या प्रोसेसरमध्ये एकच थ्रेड पूर्ण क्षमतेने राबत असला तर एकूण वापरात त्याचा वाटा जेमतेम ६ टक्के दिसतो, आणि बहुतेक गेम अशा एक-दोन थ्रेडवरच अडकतात.

याच कारणामुळे परीक्षणे वाचतानाही सावध राहावे लागते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर ६.९ आणि २४० साठी फक्त ४.२. एवढ्या वेळात प्रोसेसरला पात्रांच्या हालचाली, टकरींचे गणित आणि कार्डाला द्यायच्या चित्रणाच्या आज्ञा हे सर्व उरकायचे असते, आणि रिझोल्यूशन वाढले म्हणून हे काम सहसा वाढत नाही. म्हणून परीक्षक सर्वांत महागडे कार्ड लावून १०८०पीवर चाचणी घेतात. असे कार्ड घेऊन १०८०पीवर कोण खेळतो, हा आक्षेप नेहमीचा असला तरी चुकीचा आहे, कारण ४के चाचणीत सगळे प्रोसेसर सारखे दिसतात ते कार्ड थकल्यामुळे. सरासरीच्या शेजारी छापलेला ‘१ टक्का लो’, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमच्या वेळचा दर, हा आकडाही अवश्य पाहावा. सरासरी १४० आणि १ टक्का लो ६० असेल, तर गर्दीच्या प्रसंगी खेळ अडखळतो, आणि डोळ्यांना खुपते ते नेमके तेच.

आता मूळ मुद्दा. गिगाहर्ट्‌झ आणि कोअरची संख्या हे आकडे खोक्यावर ठळक छापलेले असतात, परंतु गेमिंगमध्ये एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेली छोटी पण वेगवान मेमरी, अनेकदा त्यांच्यावर मात करते. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण एएमडीच्या दोन प्रोसेसरांत मिळते. रायझेन ७ ५८००एक्स आणि एप्रिल २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स३डी, दोघांत झेन ३ रचनेचे आठ कोअर आहेत. पहिल्याचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्‌झ आणि कॅश ३२ एमबी. दुसऱ्याचा वेग ४.५, पण कॅश ९६ एमबी. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या सॉफ्टवेअरसारख्या कामात पहिला पुढे राहतो, तर बहुतांश गेममध्ये कमी वेगाचा दुसराच जिंकतो. गेमची माहिती मेमरीत विखुरलेली असते. ती कॅशमध्ये सापडली तर साधारण १० नॅनोसेकंदांत हाती येते, रॅमपर्यंत जावे लागले तर ७०-८० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे घरातल्या फळीवरचा डबा काढणे आणि त्याच जिनसेसाठी नाक्यावरच्या वाण्याकडे जाणे, एवढा फरक. फ्लाइट सिम्युलेटरसारख्या गेममध्ये तो विशेष जाणवतो.

५८००एक्स३डीच्या पिढीत जादा कॅश कोअरच्या माथ्यावर बसवलेली असल्याने उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होई आणि वेग आवरता घ्यावा लागे. नोव्हेंबर २०२४ मधील ९८००एक्स३डीमध्ये ती कोअरच्या खाली नेली, त्यामुळे वेग ५.२ गिगाहर्ट्‌झपर्यंत गेला आणि हौशी मंडळींना ओव्हरक्लॉकिंगही (ठरलेल्या मर्यादेपेक्षा वेग वाढवणे) खुले झाले. सोळा कोअरच्या ७९५०एक्स३डीत मात्र जादा कॅश आठ कोअरच्या एकाच चिपलेटवर (प्रोसेसरमधील छोट्या स्वतंत्र चिपवर) आहे, म्हणजे उरलेल्या आठ कोअरना ती थेट मिळत नाही. निव्वळ खेळण्यासाठी तो घेणे मला पटत नाही. ७८००एक्स३डी पुरेसा आहे. इंटेलच्या कोअर आय९-१४९००केचे २४ कोअरही एकजिनसी नाहीत: त्यांत ८ मोठे आणि १६ लहान आहेत.

किमतीची तुलना मदरबोर्ड आणि रॅम धरूनच करावी. ज्यांच्याकडे एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटचा बोर्ड आहे त्यांना बायोस (बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून केवळ प्रोसेसर बदलता येतो. नवा संगणक जुळवणाऱ्यांना नव्या एएम५ सॉकेटसाठी डीडीआर५ रॅम घ्यावीच लागते, पण या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट मात्र चौदाव्या पिढीवर थांबला आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्याची जागा १८५१ ने घेतली.

वॅटचा आकडाही नीट वाचावा. १४९००केवर लिहिलेले १२५ वॅट हे मूळ वेगाचे आहेत, टर्बोमध्ये, म्हणजे प्रोसेसर वाढीव वेगाने चालताना, मर्यादा २५३ वॅट आहे. परीक्षणे बहुधा थंड खोलीत होतात. खोली जितके अंश जास्त तापलेली, साधारण तितकेच अंश प्रोसेसरचे तापमानही वाढते, म्हणून मे महिन्यात नागपुरात बिनवातानुकूलित खोलीत खेळणाऱ्याने कूलर एक पायरी वरचा घ्यावा.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीतील प्रोसेसर वापरलेले घेत असाल तर अधिक काळजी घ्यावी. जादा व्होल्टेजमुळे ते अस्थिर होत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील नियंत्रक आज्ञा) बदलला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेला प्रोसेसर नव्या मायक्रोकोडने सुधारत नाही. म्हणून विक्रेत्यासमोर प्रोसेसरला तासभर ताण देऊन पाहावे आणि मूळ पावती मिळत नसेल तर व्यवहार सोडून द्यावा.