सर्व्हिसचा दिवा घरच्या घरी रीसेट करताना

बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डवरील पान्याच्या चिन्हाचा दिवा बिघाड दाखवत नाही. ठरलेले किलोमीटर किंवा महिने पूर्ण झाले, एवढेच तो सांगतो. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा वेगळा असून तो लागल्यास आधी त्रुटीचा कोड वाचून कारण शोधावे. म्हणूनच ऑइल आणि फिल्टर प्रत्यक्ष बदलल्याशिवाय सर्व्हिसचा दिवा कधीही रीसेट करू नये, कारण त्यामुळे पुढची आठवण चुकीच्या वेळी येते आणि नुकसान इंजिनाचे होते.

पुष्कळ गाड्यांत हे काम ट्रिपचे बटण दाबून किंवा स्क्रीनवरील मेनूतून होते, तेव्हा मालकाची पुस्तिका आधी उघडावी. तशी सोय नसेल तरच ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून कोड वाचणारे उपकरण, घ्यावा. मात्र मोबाइलला जोडून वापरायचा स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर बहुधा इंजिनाचे कोड तेवढे वाचतो, सर्व्हिस रीसेटसाठी आपल्या कंपनीच्या मॉडेलला चालणारे उपकरण किंवा अ‍ॅप लागते, हे खरेदीपूर्वी तपासावे.

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये उपकरण बसवून, इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करावे. गोव्याच्या पावसाळ्यात दमट हवेने पिनांवर हिरवट थर दिसला, तर तो साफ केल्याशिवाय जोडणी करू नये. बॅटरी अशक्त असताना मध्येच संपर्क तुटू शकतो, म्हणून ती आधी चार्ज करावी. दिवा विझल्यावर इग्निशन बंद-चालू करून खात्री करावी, किलोमीटर व तारीख वहीत लिहावी आणि अडॅप्टर लगेच काढावा; तो तसाच राहिल्यास उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते.