ओसाकात जुलैमध्ये उतरताय? मग पंचा घेऊन या

दर जून-जुलैत कोणीतरी नवीन मुलगा नाहीतर जोडपं येतं आणि पहिल्याच आठवड्यात फोन, "दादा, इथे एवढं दमट असतं हे कोणी बोललंच नाही". म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी चिपळूणचा, त्यामुळे मला वाटलेलं घामाचं आपल्याला काय कौतुक. कसलं काय! कान्साई एअरपोर्ट समुद्रात भर घालून बांधलाय, आत गारेगार एसी, आणि बाहेर पाऊल टाकलं तर कुकरचं झाकण उघडल्यासारखी वाफ थेट चष्म्यावर. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत त्सुयु म्हणजे इथला पावसाळा, तो संपला की वाटतं सुटलो, पण खरा त्रास तिथून पुढे. आपल्याकडे सर आली की जरा गार तरी होतं, इथे ऑगस्टमध्ये 35 डिग्री, वारा नाही, आणि रात्रीसुद्धा पारा 25 च्या खाली येत नाही, त्या रात्रीला नेत्ताइया असा वेगळा शब्दच आहे यांच्याकडे. पहाटे सेमी नावाचे किडे झाडावर असे किंचाळतात की अलार्म लावायची गरज नाही.

घर मिळालं की एसीच्या रिमोटवर जोशित्सुचं बटण कुठलं ते कोणाला तरी विचारून ठेवा, हवेतलं पाणी काढायचा मोड आहे तो. मी पहिल्या वर्षी कपाट बंद करून निवांत बसलो, सप्टेंबरमध्ये उघडलं तर लग्नातले बूट हिरवेगार. शंभर येनच्या दुकानात शिक्केतोरी मिळते, पांढरे दाणे भरलेली प्लास्टिकची डबी, कपाटात ठेवायची. थोड्या दिवसांनी बघा, दाणे गायब आणि डबीत पाणी. पहिल्यांदा मला वाटलं वरून गळतंय, घरमालकाला फोन करणार होतो.

आईने दिलेला मिक्सर आणू नका, इथे 100 व्होल्ट, तो नुसता कण्हतो, चटणी होत नाही. गॅसवरचा कुकर मात्र जरूर आणा.

कागदपत्रं: झाइर्यू कार्ड, म्हणजे इथलं रहिवासी ओळखपत्र, एअरपोर्टवरच हातात देतात, पण घर ठरल्यापासून 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसला जाऊन त्यावर पत्ता घालून घ्यायचा. हेल्थ इन्शुरन्स कंपनीकडून नसेल तर तेही काम त्याच फेरीत.

गर्दीचं म्हणाल तर डोंबिवली फास्टमधून आलेल्याला इथली मिदोसुजी मेट्रो लाइन काही वाटणार नाही, फरक एवढाच की गर्दी गप्प असते आणि फोनवर कोणी बोलत नाही. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, टोकियोत डावीकडे, तिथून आलेले हमखास चुकतात. डबा फार थंड वाटला तर जाकुरेइशा लिहिलेला डबा शोधा, त्यात एसी कमी असतो, घामाने भिजलेल्या शर्टावर थंड वारा बसून मी पहिल्या महिन्यात दोनदा आजारी पडलो. उमेदाला, म्हणजे ओसाका स्टेशनच्या भागात, जमिनीखाली अख्खं गावच आहे, ऊन टाळायला मस्त, पण कोणाला भेटायचं असेल तर एक्झिटचा नंबर नक्की करा, "स्टेशनपाशी भेटू" म्हणालात की अर्धा तास गेला.

खाण्याचं फक्त एक सांगतो, शाकाहारी असाल तर ओकोनोमियाकीवर (कोबीचं जाड धिरडं) हलणारे पातळ तुकडे मासळीचे असतात, आणि साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही दाशी असते, म्हणजे बहुतेकदा मासळी उकळून काढलेलं पाणी. "निकु नाशी", म्हणजे मांस नको, एवढंच म्हणून भागत नाही, मासळी ते निकुमध्ये धरत नाहीत.

आणि हो, पंचा. हसू नका. इथे कामावरची माणसं, म्हातारे आजोबा, सगळे गळ्यात टॉवेल टाकून फिरतात, बऱ्याच टॉयलेटमध्ये हात पुसायला काही नसतं म्हणून बाकीच्यांच्या बॅगेतही छोटा रुमाल असतोच. टर्किशचा टॉवेल इथल्या हवेत दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास मारतो, आपला सुती पंचा रात्री पिळून टाकला की सकाळी कोरडा. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या आजोबांना एक दिला, आता ते विचारतायत की अजून चार कधी मागवणार.